ला पाझचं वाद्यांचं म्युझियम नीट कसं बघायचं: अँडीजची वाद्यं समजून घेण्यासाठी सविस्तर गाईड

बोलिव्हियाला जाणारे बहुतेक लोक उयुनीचं मिठाचं मैदान बघायला जातात आणि ला पाझमध्ये एक-दोन रात्री काढून पुढे सटकतात, पण तुम्हाला गाण्याबजावण्याची थोडी जरी आवड असेल ना तर ला पाझमधला अर्धा दिवस काये हाएन या गल्लीसाठी ठेवाच. तिथे बोलिव्हियाच्या पारंपरिक वाद्यांचं म्युझियम आहे. चारांगो (गिटारसारखं पण छोटंसं तारांचं वाद्य) वाजवणारे मोठे कलाकार एर्नेस्तो कावूर यांनी १९६२ साली हा संग्रह सुरू केला, आधी चारांगोंचा आणि मग वाढत वाढत सगळ्याच वाद्यांचा, आणि आज तिथे दोन हजारांहून जास्त वाद्यं आहेत. कावूर २०२२ मध्ये गेले, पण म्युझियम त्यांच्याच हाताचं आहे हे आत शिरल्यावर लगेच कळतं. एखाद्या वाजवणाऱ्याने वाजवणाऱ्यांसाठी जमवलेलं घर आहे ते.

आता गाईड कशाला हवं? तर तिथे नुसतं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरलात तर तासाभरात सगळं बघून होतं आणि बाहेर आल्यावर डोक्यात फक्त "खूप बासऱ्या होत्या" एवढंच राहतं. कारण अँडीजमधली बरीचशी वाद्यं एकट्याने वाजवायची नाहीतच मुळी. ती जोडीने, ताफ्याने, वर्षाच्या ठराविक दिवसांत वाजवायची आहेत, आणि काचेच्या कपाटात ठेवलेलं वाद्य यातलं काहीच सांगत नाही. ते आपण डोक्यात घेऊन जायचं असतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्या क्रमाने केलंत तर खूप फरक पडेल.

१. निघायच्या आधी घरी थोडं ऐका

आपल्यापैकी बहुतेकांनी अँडीजचं संगीत म्हणून जे ऐकलेलं असतं ते शहरी बँडचं असतं, म्हणजे केना (उभी बासरी), झांपोन्या (ओळीने बांधलेल्या नळ्या), चारांगो, गिटार आणि बोंबो ढोल असा चार-पाच जणांचा सेट, पोंचो घातलेले लोक, गोड हळवी चाल. हा सेट वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण या रूपात तो तसा अलीकडचा आहे. ला पाझच्या सागार्नागा रस्त्यावर १९६० च्या दशकात पेन्या नाइरा नावाची गाण्याची बैठकवजा जागा सुरू झाली, तिथून लोस हाइरास हा ग्रुप पुढे आला, त्यात कावूर चारांगोवर आणि जिल्बेर फाव्र नावाचा एक स्विस माणूस केनावर. गावच्या आयमारा-केचुआ या मूळ रहिवाशांची वाद्यं तोवर शहरातला पांढरपेशा माणूस कमी लेखायचा, तीच वाद्यं या लोकांनी स्टेजवर मानाने आणली. हे मोठं काम होतं यात शंकाच नाही.

पण गावात तीच वाद्यं वेगळी वाजतात. वीस-तीस माणसं, सगळ्यांच्या हातात एकाच जातीचं वाद्य लहानमोठ्या आकारात, सोबत ढोल, गोल फिरत तासन् तास एकच धून. म्हणून यूट्यूबवर तीन गोष्टी शोधून ठेवा: सिकुरी (इतालाके गावचे सिकुरी मिळाले तर उत्तमच), तार्केआदा, आणि मोसेन्यादा, म्हणजे सिकू, तार्का आणि मोसेन्यो या फुंकवाद्यांच्या ताफ्यांचं वादन. हेडफोन लावून प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. पहिल्यांदा कानाला खरखरीत लागेल, सूर जरा हललेले वाटतील, ते तसेच असायला हवे असतात, का ते पुढे सांगतो.

२. उंचीचं गणित आधी सोडवा

ला पाझ साधारण ३,६४० मीटरवर आहे आणि विमान उतरतं ते एल आल्तोला, म्हणजे ४,००० मीटरच्याही वर. पहिल्या दिवशी डोकं दुखणं, जिना चढताना धाप लागणं, झोप न येणं हे अगदी कॉमन आहे, तिथले लोक त्याला सोरोचे म्हणतात. आणि आपण जातोय फुंकायची वाद्यं असलेल्या म्युझियमला. त्यामुळे उतरल्या उतरल्या सामान टाकून म्युझियम गाठायचा प्लॅन करू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. जमत असेल तर मार्गच असा आखा की आधी सांता क्रूझ (हे सखल भागात आहे), मग सुक्रेला दोन रात्री (साधारण २,८०० मीटर) आणि मग ला पाझ. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स वगैरे गोळ्या घ्यायच्या असतील तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच विचारून.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो आणि तिथे तो कायदेशीर आहे, प्या. पण ती पानं किंवा चहाच्या पिशव्या बॅगेत टाकून भारतात आणायच्या नाहीत म्हणजे नाहीत, आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं पान येतं आणि एअरपोर्टवर "अहो चहाच आहे" म्हणून सुटका होणार नाही.

३. दिवस आणि वेळ

म्युझियम काये हाएनवर ७११ नंबरच्या जुन्या वाड्यात आहे. मुरियो चौकातून चालत दहा-बारा मिनिटं, पण शेवटी चढ आहे, तेव्हा हळू. ही गल्ली स्पॅनिश काळातली, दगडी फरशीची, रंगीत भिंतींची, आणि याच गल्लीत स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी पेद्रो दोमिंगो मुरियो यांचं घर आणि आणखी तीन म्युझियम आहेत. ती महापालिकेची आहेत, वाद्यांचं म्युझियम खाजगी आहे, त्यामुळे बाकीच्यांचं एकत्र तिकीट काढलंत तरी याचं वेगळं काढावं लागतं. कार्ड चालेल हे गृहीत धरू नका, बोलिव्हियानोच्या (तिथल्या चलनाच्या) सुट्ट्या नोटा खिशात हव्यात.

ला पाझमध्ये दुपारी जेवणाच्या वेळेला बंद ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जाणं सगळ्यात बरं. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करायला सांगा, त्या दिवसाची वेळ पक्की कळते. सकाळी गर्दी कमी असते हा दुसरा फायदा, आणि हा फायदा इथे फार महत्त्वाचा आहे, कारण गर्दी नसेल तर तुम्ही वाजवून बघू शकता आणि तिथल्या माणसाला प्रश्न विचारू शकता.

तिकीट घेतानाच एक चौकशी करा, आज किंवा या आठवड्यात संध्याकाळी कार्यक्रम आहे का. कावूर असताना शनिवारी संध्याकाळी तिथेच छोट्या थिएटरात वाजवायचे. आता कोण वाजवतंय, कधी वाजवतंय हे काउंटरवरच कळेल, आणि शिकवणी घेणाऱ्यांची माहितीही तिथेच मिळते.

४. आत गेल्यावर पहिल्यांदा सिकू

चारांगोंचा संग्रह इतका मोठा आणि देखणा आहे की पाय आपोआप तिकडेच वळतात. पण माझं ऐका, आधी सिकूकडे जा. सिकू म्हणजे नळ्या ओळीने बांधलेलं वाद्य, स्पॅनिशमध्ये त्याला झांपोन्या म्हणतात. वेताच्या नळ्या, खालून बंद, वरून उघड्या, वरच्या कडेवर फुंकर मारायची. प्रत्येक नळीचा एकच सूर. लांब नळी खालचा सूर, आखूड नळी वरचा.

आता कपाटासमोर उभं राहून नीट बघा, सिकू दोन रांगांचे असतात. एका रांगेला इरा म्हणतात, दुसरीला आर्का. सर्वसाधारण मापात इरामध्ये सहा नळ्या आणि आर्कामध्ये सात. आणि सप्तक या दोघांत वाटून दिलेलं असतं, एक सूर हिच्यात तर पुढचा सूर तिच्यात. जी 'माल्ता' मापाची सिकू सगळ्यात जास्त दिसते तिचा सूर पांढरी पाच (पाश्चात्य जी) सा धरून मांडला तर आर्कामध्ये येतात प नी रे म ध सा ग, आणि इरामध्ये ध सा ग प नी रे. हे एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि कपाटासमोर काढून बघा. सगळे शुद्ध सूर, पण सा रे ग म असं सरळ चढायचं तरी एका रांगेत ते होतच नाही, प्रत्येक पावलाला रांग बदलावी लागते.

शहरी कलाकार दोन्ही रांगा एकमेकींना चिकटवून एकटा वाजवतो. गावात मात्र इरा एकाकडे आणि आर्का दुसऱ्याकडे. इरावाला पुढे जातो, आर्कावाला उत्तर देतो, आणि दोघांच्या फुंकरी एकमेकांत इतक्या घट्ट बसतात की लांबून ऐकणाऱ्याला एकच धून ऐकू येते. आपल्याकडे उखळात दोघी मिळून कांडायला बसल्या की एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि ताल तुटत नाही, अगदी तसं. एकटा माणूस अर्धीच धून वाजवू शकतो. आणि त्या उंचीवर याचा एक सरळ फायदाही आहे, दुसरा फुंकत असताना तुम्हाला श्वास घ्यायला सवड मिळते.

मग आकार बघा. माल्ता हे मधलं माप. त्याच्या एक सप्तक वर चुली, एक सप्तक खाली सांका, आणि त्याच्याही खाली तोयो, ज्याच्या लांब नळ्या मीटरभराच्या पुढे जातात. हे सगळे एकाच वेळी एकच धून वाजवतात, म्हणजे तीच चाल तीन-चार सप्तकांत एकदम. आणि ताफ्यातल्या सगळ्या सिकू एकमेकींशी तंतोतंत जुळवलेल्या नसतात, जराशा मागेपुढे असतात, त्यामुळे आवाजात एक प्रकारची थरथर येते, जाडी येते. आपला कान तानपुऱ्यावर तयार झालेला असल्याने सुरुवातीला हे बेसूर वाटतं, पण तिकडच्या कानाला हा भरलेला आवाजच हवा असतो. घरी ऐकलेलं सिकुरीचं रेकॉर्डिंग इथे कपाटासमोर उभं राहून पुन्हा लावा (हेडफोनवर), चुली कुठली आणि तोयो कुठली ते आता ओळखू येईल. या एका गोष्टीसाठी वीस मिनिटं द्या. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

५. मग पावसाची वाद्यं आणि कोरड्या दिवसांची वाद्यं वेगळी करा

बहुतेक पाहुण्यांना हे माहीतच नसतं. अल्टिप्लानोवर, म्हणजे त्या उंच पठारावर, कुठलं वाद्य कधी वाजवायचं हे ऋतूवर ठरतं. साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोदोस सांतोस, म्हणजे मृतांचे दिवस येतात, तिथपासून फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलपर्यंत पावसाळा, आणि तेव्हा तार्का, पिंकियो, मोसेन्यो या बासऱ्या वाजतात. कार्निव्हल संपला की ती बाजूला, मग सिकू आणि केना, कोरड्या थंडीतल्या, दंव पडायच्या दिवसांतल्या. गावागावांत नियम थोडे बदलतात, पण मुळातली समजूत ही की पिंकियोचा आवाज पावसाला बोलावतो, तो भलत्या वेळी वाजवला तर पिकाचं वाटोळं होऊ शकतं. ज्या जमिनीत बटाटा आणि किनवा पावसाच्या भरवशावर निघतो तिथे हे किती गंभीरपणे पाळत असतील याचा विचार करा.

तेव्हा म्युझियममध्ये फिरताना प्रत्येक फुंकवाद्यापाशी स्वतःला विचारा, हे पावसाचं की कोरड्याचं? ओळखायची एक ढोबळ खूण आहे. ज्याच्या तोंडाशी शिट्टीसारखी बंद चोच आहे ते बहुतेक पावसाचं. ज्याच्यावर उघडी कड किंवा खाच आहे, म्हणजे सिकू आणि केना, ते कोरड्याचं. मोसेन्यो जरा फसवतो, ती इतकी लांब नळी असते की बाजूला जोडलेल्या बारीक नळीतून फुंकावं लागतं, पण आत चोचच आहे, आणि तोही पावसाचाच.

तार्का मात्र जवळून बघा, शक्य तितकं जवळून. ती वेताची नसते, अख्ख्या लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेली असते, बाहेरून चौकोनी किंवा षट्कोनी अंगाची, पुढे सहा भोकं, अंगावर कधीकधी पानाफुलांची नक्षी. हातात घेतली तर जड लागते. लहान, मध्यम, मोठी असे तीन आकार एकत्र वाजतात, आणि जोरात फुंकायचं असतं, इतकं जोरात की सूर फाटल्यासारखा होतो आणि एका भोकातून दोन आवाज एकदम आल्यासारखे वाटतात. तो फाटलेला आवाज म्हणजेच चांगली तार्का. हळुवार, गोड फुंकर मारणाऱ्याला तार्का कळलीच नाही असं मी तरी म्हणेन. ओरुरोच्या कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी अनाता आंदिनो म्हणून खेड्यापाड्यातल्या लोकांची मिरवणूक निघते, तेव्हा तार्का मोठ्या ताफ्यांत ऐकायला मिळते. फेब्रुवारीत जाणार असाल तर तारखा त्या हिशोबाने जुळवा, ला पाझहून ओरुरो बसने साडेतीन-चार तास.

पिंकियोबद्दल एक छोटीशी गोष्ट, वाजवायच्या आधी लोक त्यात पाणी, चिचा (मक्याची बिअर) किंवा दारू ओततात. लाकूड किंवा वेत भिजून फुगतो, बारीक फटी बंद होतात, आवाज भरतो. त्यात पहिले थेंब जमिनीला, म्हणजे धरणीमाता पाचामामाला द्यायचाही भाग असतोच.

६. केना, पुतुतू, ढोल

बासरी वाजवणाऱ्यांनी केनापाशी थांबा. आपली बासरी आडवी, केना उभी. वरचं टोक उघडं आणि काठावर एक खाच, खालच्या ओठाने ते टोक जवळजवळ झाकायचं आणि फुंकर बरोबर खाचेच्या धारेवर. पुढे सहा भोकं आणि मागे अंगठ्याला एक. नेहमीची केना पांढरी पाचची असते, लांबी हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत धरा. जुन्या केना हाडाच्याही सापडतात.

पुतुतू म्हणजे हाकेचं वाद्य. पठारावर तो बैलाच्या शिंगाचा असतो, सभा भरवायला, लोकांना गोळा करायला फुंकतात. त्याच्या आधीचं रूप शंखाचं आहे, आणि हा शंख समुद्रातला, म्हणजे डोंगरावर तो शेकडो किलोमीटर लांबून यायचा. पेरूमधल्या चाविन दे वांतार इथल्या देवळाच्या भुयारात २००१ साली असे २० शंख सापडले, अंगावर कोरीव काम केलेले, आणि हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेले. जवळजवळ तीन हजार वर्षांमागचं देऊळ ते. आपल्या आरतीतला शंख ऐकलेल्या माणसाला याचं वेगळं काही सांगायला नको.

ढोलांवर फार वेळ घालवू नका, पण वांकारा आणि बोंबो यांचं कातडं कसं ताणलंय ते बघा, आणि चाख्चास नक्की हलवून बघा, बकरीच्या किंवा लामाच्या खुरांची नखं दोऱ्यात ओवून केलेला खुळखुळा, हातात धरून हलवला की पावसाच्या सरीचा आवाज येतो.

बोलिव्हियाच्या दक्षिणेकडच्या तारिखा भागातली वाद्यं दिसली तर तीसुद्धा ऋतूची आहेत हे लक्षात ठेवा, एर्के कार्निव्हलचं, कान्या नावाची ती प्रचंड लांब तुतारी हिवाळ्याची, आणि ईस्टरच्या सुमाराला व्हायोलिन. मोखोसच्या सखल जंगलातले बाखोन अँडीजचे नाहीत, तरी बघाच, ताडाच्या पानांच्या नळ्या जोडून केलेलं जवळपास माणसाएवढं वाद्य, आणि त्यात तुतारीसारखं फुंकायचं.

७. आता चारांगो

एवढं झाल्यावर चारांगोंच्या खोलीत शिरा. स्पॅनिश लोक तंतुवाद्यं घेऊन आले, त्याआधी अँडीजमध्ये तारेचं वाद्य नव्हतं, आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींभोवती जी सरमिसळ झाली त्यातून हे छोटंसं वाद्य तयार झालं. दहा तारा, दोन-दोनच्या पाच जोड्या, खालून वर पाश्चात्य सुरांत सोल-दो-मी-ला-मी अशा लागतात, पण हे सरळ चढत नाहीत, मधल्या मीच्या जोडीत दोन तारा एक सप्तकाच्या फरकाने असतात, त्याच्यामुळे तो झगमगता आवाज येतो.

पाठीकडे बघा. जुन्या चारांगोंची पाठ किर्किंचोच्या, म्हणजे आर्मडिलो या लहान प्राण्याच्या, कवचाची असायची, काहींवर केससुद्धा तसेच दिसतात. नंतर एकाच लाकडातून कोरलेली पाठ आली. कावूर यांनी स्वतः तयार केलेली वाद्यंही इथे आहेत, ताऱ्याच्या आकारात पाच चारांगो जोडलेला चारांगो एस्त्रेया, आणि दोन्ही बाजूंनी वाजणारी मुयुमुयु गिटार. काहींना ही गंमत वाटते, मला यात एका माणसाने आयुष्यभर एकाच वाद्याला विचारलेले प्रश्न दिसतात.

आणि एक समजूत जाताजाता. उत्तर पोतोसीकडे चारांगो रात्री झऱ्यापाशी किंवा धबधब्यापाशी ठेवून येतात, पाण्यातली सिरेना, म्हणजे जलपरी, रात्रीत तो सुरात लावून देते म्हणतात. काही चारांगोंवर तिचं चित्र किंवा कोरीव मूर्ती असते, शोधा.

८. वाजवून बघा, पण विचारून

काही वाद्यं पाहुण्यांनी हाताळायला ठेवलेली असतात, हे या म्युझियमचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. कुठली चालतात ते विचारा. "पुएदो तोकार एस्ते?" म्हणजे हे वाजवून बघू का, आणि "पुएदो सकार फोतोस?" म्हणजे फोटो काढू का. समोरच्याला सेन्योर, सेन्योरा म्हणायचं, आत आल्यावर "बुएनोस दिआस" म्हणायचं, न बोलता सरळ कॅमेरा काढणारा माणूस तिथे कुणालाच आवडत नाही. ओल्या वाइप्सचं पाकीट ठेवा, फुंकायच्या वाद्याला आधी आणि नंतर पुसायला.

सिकू वाजवायची पद्धत अशी: वाद्य छातीशी सरळ धरा, नळीची कड खालच्या ओठाला टेकवा, ओठ किंचित ताणा आणि "तू" म्हणतो तशी जीभ मारून छोटी फुंकर कडेच्या पलीकडे सोडा. नळीच्या आत नाही फुंकायचं. छोट्या फुंकरी, आणि चार-पाच फुंकरींनंतर थांबा. या उंचीवर सलग फुंकलं तर डोकं गरगरतं, एखादी बाकडी जवळ बघून ठेवा.

दोघं असाल तर एकाने इरा घ्या, दुसऱ्याने आर्का. तो कागद समोर ठेवा आणि फक्त प ध नी सा वाजवा. पहिला सूर आर्कावाल्याचा, मग इरा, मग आर्का, मग इरा. दोघांनी एकमेकांकडे बघत, पायाने ताल धरून. हे जमलं की कपाटातल्या सगळ्या सिकू एकदम वेगळ्या दिसायला लागतात. एकटे गेला असाल तर तिथल्या माणसाला विनंती करा, मुलं बरोबर असतील तर त्यांनाच जोडी करू द्या, मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

९. विकत घ्यायचं असेल तर

म्युझियम बघून झाल्यावरच खरेदी करा, आधी नाही. सागार्नागा आणि लिनारेस या रस्त्यांवर वाद्यांची बरीच दुकानं आहेत. रंगीत दोऱ्यांत गुंडाळलेली, पातळ नळ्यांची स्वस्त सिकू ही शोभेची असते, भिंतीवर लावायला ठीक. वाजवायला हवी असेल तर "माल्ता, आफिनादा, पारा तोकार" असं स्पष्ट सांगा, म्हणजे सुरात लावलेली, वाजवायची. प्रत्येक नळी वाजवून घ्या, हिसहिस करणारी नळी गळकी. ट्यूनर ॲप फोनवर ठेवाच.

केना घेताना वरच्या सप्तकात सूर लागतोय का ते दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगा. चारांगोची मान एका डोळ्याने सरळ रेषेत बघा, बाराव्या पडद्यापाशी तार फार उंच नको, खुंट्या घट्ट फिरायला हव्यात, आणि तारांचे दोन जादा सेट तिथेच घ्या.

किर्किंचोचा चारांगो कुणी दाखवला, जुना आहे म्हणाला, कागद आहेत म्हणाला, तरी घेऊ नका. हा प्राणी या व्यापारापायीच कमी झाला, वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स करारात त्याच्या व्यापारावर बंधन आहे, आणि कस्टममध्ये पकडलात तर वाद्य जाईलच. लाकडी पाठीचा चारांगो आवाजाला कुठेही कमी नाही.

१०. घरी आणताना आणि आणल्यावर

चारांगो केबिनमध्येच घ्या, तारा थोड्या सैल करून. खुरांचा खुळखुळा, कातड्याचा ढोल हे प्राण्यांपासूनचे पदार्थ, कस्टम अडवू शकतं, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी तर वेत, लाकूड, खूर सगळं फॉर्मवर डिक्लेअर करायचंच.

ला पाझची हवा कोरडी, आपल्या कोकण-मुंबईची दमट. वेताच्या नळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या की पावसाळ्यात आत बुरशी धरते, सुती पिशवी वापरा, वाजवून झाल्यावर उलटी धरून झटका आणि तासभर मोकळी ठेवा. फक्त झटकताना एक बघा. काही सिकूंच्या नळ्यांत तळाशी मक्याचे किंवा दुसरे बारीक दाणे, नाहीतर छोटे खडे टाकलेले असतात. तो कचरा नाही. नळीतली हवेची जागा तेवढी कमी होते आणि सूर थोडा चढतो, करणाऱ्याने सूर लावण्यासाठीच ते घातलेले असतात. ते सांडू देऊ नका, सांडले तर ट्यूनर लावून पुन्हा एकेक टाका, आणि दाणे असतील तर आपल्याकडे किडे लागतात म्हणून त्यांच्या जागी धुऊन वाळवलेले बारीक खडे घाला.